बावीस इंची काच आणि योसेमिटीचे कडे : कार्लटन वॉटकिन्स

कातळवेडी

गेल्या महिन्यात इथल्या एका संग्रहालयात पाऊण तास एकाच चित्रासमोर उभी होते. नवरा आणि लेक पुढची दोन दालनं बघून परत आले, तरी मी तिथेच. तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय, म्हणून हा धागा.

चित्र म्हणजे जुना फोटो, कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी दरीतल्या 'थ्री ब्रदर्स' कड्याचा. एकामागे एक कललेले तीन कातळ, पायथ्याशी मर्सेड नदी, आणि नदीत त्या तिघांचं उलटं प्रतिबिंब. रंग जुन्या शिसवी कपाटासारखा, जांभळट तपकिरी. नाक काचेला टेकेल इतकी जवळ गेले. पलीकडच्या काठावरच्या पाइनची एकेक फांदी सुटी दिसत होती. मधल्या भावाच्या अंगावर एका भेगेत झाड उगवलंय, तेही दिसलं. मी मूळची जुन्नरची, गेली चौदा वर्षं सॅन होजेत. या खोऱ्यात अकरा वेळा जाऊन आले, त्या कड्याचे शेकडो फोटो काढले, पण ते झाड मला कधी दिसलं नव्हतं. आणि हे चित्र १८६० च्या दशकातलं!

काढणारा कार्लटन वॉटकिन्स. जन्म १८२९, न्यूयॉर्क राज्यातलं ओनियोंटा गाव. सोन्याच्या ओढीने माणसं कॅलिफोर्नियाला धावत होती, त्या लोंढ्यात १८५१ च्या सुमाराला तोही आला. ओनियोंटाचाच कॉलिस हंटिंग्टन पुढे रेल्वेचा बडा मालक झाला, हा फोटोग्राफर झाला. खाणमालकांना खाणींचे फोटो हवे असत, जमिनीच्या कज्ज्यांत कोर्टात पुरावा म्हणून फोटो लागत. त्यावर त्याचं पोट चालायचं.

१८६१ च्या उन्हाळ्यात तो योसेमिटीत गेला. तिथले कडे नेहमीच्या कॅमेऱ्यात कोंबायचे नाहीत असं त्याने ठरवलं असावं, कारण १८ बाय २२ इंचांची काच बसेल असा कॅमेरा त्याने खास बनवून घेतला (तेव्हा फिल्म नव्हती, फोटो काचेवर घेत). या मापाला तेव्हा 'मॅमथ प्लेट' म्हणत. खोऱ्यात गाडीरस्ता नव्हता. पहिला झाला १८७४ मध्ये. डझनभर खेचरांच्या पाठीवर कॅमेरा, तंबू, रसायनांच्या बाटल्या आणि काचा लादून तो डोंगर उतरला. मी घरी हिशोब मांडला. काच ३ मिलिमीटर जाड धरली, तर एकीचं वजन जवळजवळ दोन किलो होतं. त्या फेरीतून त्याने ३० मोठ्या काचा आणि सुमारे १०० स्टिरिओ चित्रं (खास भिंगांतून बघितल्यावर खोली दिसणाऱ्या जुळ्या चित्रांच्या जोड्या) आणली. म्हणजे मोठ्या काचाच साठ किलोंच्या घरात, त्याही न फुटता, खेचरांवरून, कड्याच्या वाटेने.

इथे जाणती मंडळी आहेत, म्हणून विचारते. एवढी काच कशासाठी? छोट्या काचेवर काढून नंतर मोठं करता आलं नसतं का? आणि १६० वर्षांपूर्वीच्या चित्रात ते झाड दिसतं, मग माझ्या फोटोत का नाही?

---

आंबेमोहोर

वाखुसा (वाचनखूण साठवली). ताई, तुमचं जुन्नर आणि थ्री ब्रदर्स यांचं नातं लगेच कळलं. कातळ बघत वाढलेल्या माणसाला कातळच दिसतो. उत्तरांची वाट बघतेय.

---

रजतकण

ताई, तुमच्या तिन्ही प्रश्नांना एकच उत्तर आहे : काँटॅक्ट प्रिंट.

वडिलांचा साताऱ्यात स्टुडिओ होता. माझं लहानपण डार्करूमच्या लाल दिव्यात गेलं. आम्ही एन्लार्जर वापरायचो, म्हणजे छोट्या निगेटिव्हमधून उजेड टाकून मोठा कागद छापायचो. वॉटकिन्सच्या काळी कागद होता अल्ब्युमेनचा. अंड्याचा पांढरा बलक मीठ घालून फेटायचा, कागदावर चढवायचा, मग तो कागद सिल्व्हर नायट्रेटवर तरंगवायचा. हा कागद इतका मंद असतो की दिव्याच्या उजेडात त्याला ढिम्म काही होत नाही, त्याला ऊनच लागतं. त्यामुळे काच थेट कागदावर दाबून बसवायची, चौकट उन्हात ठेवायची, आणि कागद आपोआप गडद होत जातो तो बघत बसायचं. काच जेवढी, चित्र तेवढंच. चित्र मोठं हवं तर काच मोठी, काच मोठी तर कॅमेरा मोठा, आणि मग खेचरं आलीच. तुम्ही म्हणता तो शिसवी रंग सोन्याच्या क्षाराचा. छापून झाल्यावर चित्र गोल्ड क्लोराइडमध्ये बुडवत, त्याने लालसर रंग जाऊन जांभळट झाक येते आणि चित्र टिकतं.

मोठं करण्याची भानगडच नसल्याने तपशील कुठे पातळ होत नाही. शिवाय काचेवर चढवलेल्या कलोडियनच्या थराला आपल्या फिल्मसारखे ठळक दाणे नसतात. तुमचं भेगेतलं झाड तिथे शाबूत राहिलं ते यामुळे.

आता काचेचं काम सांगतो, कारण ते मी स्वतः करून हरलो आहे.

ही पद्धत १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रजाने प्रसिद्ध केली. आम्लांत मुरवलेला कापूस ईथर आणि अल्कोहोलमध्ये विरघळवला की कलोडियन होतं. पातळ, पिवळसर, पाकासारखं. त्यात आयोडाइडचे क्षार घालतात. स्वच्छ पुसलेली काच एका हातावर आडवी धरायची, मधोमध कलोडियन ओतायचं, आणि वड्यांचं मिश्रण ताट कलतं करून पसरवतो तशी काच एकेका कोपऱ्याकडे कलवत न्यायची. उरलेलं शेवटच्या कोपऱ्यातून परत बाटलीत. थर थोडा धरला की अंधारात सिल्व्हर नायट्रेटच्या टाकीत तीन-चार मिनिटं. बाहेर काढली की ठिबकती काच खाचेत घालायची, कॅमेऱ्याकडे पळायचं, फोटो घ्यायचा, पळत तंबूत यायचं आणि हिराकशीच्या पाण्याने चित्र उमटवायचं. हे सगळं काच ओली आहे तोवर. हाताशी धरून चला दहा मिनिटं, उन्हाळ्यात त्याहूनही कमी. वाळली की संपलं.

मी साताऱ्यात गच्चीवर, मे महिन्यात, ४ बाय ५ इंचांच्या काचेवर प्रयत्न केला. ईथर हातावरच उडून जायचं. काच टाकीत जाईपर्यंत एका कडेला थर वाळून सुरकुतायचा. पहिल्या सहा काचा फुकट गेल्या. सातवीवर शेजारच्या पाण्याच्या टाकीची कड उमटली, तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. माझी काच २० चौरस इंच, वॉटकिन्सची ३९६. वीसपट क्षेत्रावर तो थर एकसारखा फिरवायचा, तोही तंबूत वाकून, वाऱ्यात उडणाऱ्या धुळीत. हे त्याने कसं साधलं, ते हाताने काम केलेल्या माणसाला विचारा. मला अजून झेपत नाही.

---

गिरकी

रजतकण काका, सातव्या काचेचा फोटो टाका ना!

एक शंका. मी नेटवर वॉटकिन्सची बरीच चित्रं बघितली. आकाश सगळीकडे कोरं आहे, एकही ढग नाही. कॅलिफोर्नियात उन्हाळ्यात ढग नसतात म्हणून का?

---

रजतकण

गिरकी, चांगलं निरीक्षण. कलोडियनला फक्त निळा-जांभळा उजेड कळतो. लाल, पिवळा, हिरवा त्याला जवळजवळ अंधारच. त्यामुळे झाडी आणि कातळ उमटावेत म्हणून काही सेकंद, कधी काही मिनिटं काच उघडी ठेवली की निळं आकाश तोवर पार जळून जातं. ढग असले तरी आसपासचं आकाश त्यांच्याइतकंच पांढरं होतं, मग ढग दिसणार कुठून? वाहतं पाणी म्हणूनच पिंजलेल्या कापसासारखं येतं. पानं हलू नयेत म्हणून वारा सुटायच्या आत, सकाळी सकाळी काम उरकावं लागे.

एडवर्ड मायब्रिजला ते कोरं आकाश खपलं नाही. (पुढे घोड्याची धाव टिपली तोच हा.) त्याने १८७२ मध्ये योसेमिटीत मॅमथ काचा वापरल्या. आकाशापुरता उजेड अडवणारी एक झडप त्याने तयार केली होती, आणि ढगांची वेगळी निगेटिव्ह जोडूनही तो चित्रं छापायचा. त्याच्या चित्रांत नाट्य भरपूर आहे. मला मात्र वॉटकिन्सचं कोरं आकाशच भावतं. कड्याची रेघ त्यावर सुरीने कापल्यासारखी उठते.

---

हिमयात्री

सुंदर चर्चा. याच काळात आपल्या हिमालयात हेच चाललं होतं, म्हणून थोडं अवांतर.

सॅम्युअल बोर्न हा इंग्रज १८६३ मध्ये भारतात आला. सिमल्याहून त्याने तीन मोठ्या फेऱ्या केल्या : १८६३ मध्ये सतलजच्या खोऱ्यातून चिनीपर्यंत (आताचं कल्पा), १८६४ मध्ये काश्मीरकडे, आणि १८६६ मध्ये कुलू, लाहौल, स्पीती करत मणिरंग खिंड ओलांडून गंगोत्रीच्या हिमनदीपर्यंत. खिंडीची उंची १८,६०० फूट. तिथे त्याने ओल्या काचेवर चित्रं घेतली, आणि पुढची सुमारे वीस वर्षं एवढ्या उंचीवर कुणी फोटो काढला नाही. त्याच्या काचा १२ बाय १० इंचांच्या, म्हणजे वॉटकिन्सच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही लहान. पण खेचराच्या जागी माणूस होता.

पहिल्याच फेरीत त्याच्याबरोबर तीसेक हमाल होते. ते अर्ध्या वाटेत ओझी टाकून निघून गेले, तेव्हा त्याने जाड काठी घेऊन त्यांना घराघरांतून शोधून काढलं आणि बडवलं. हे त्याने स्वतः लंडनच्या फोटोग्राफीच्या नियतकालिकात लिहिलंय, तेही काही चुकलं असं न वाटता. त्याची चित्रं मी तासन्‌तास बघितली आहेत. वांगटू, कल्पा, स्पीती या वाटा मी पाठीवर बारा किलो घेऊन चाललोय, त्या बारा किलोंनीच खांदे सोलवटतात. ज्यांनी काचेच्या पेट्या वाहिल्या त्यांच्यातल्या एकाचंही नाव कुठे नाही. त्या चित्रांकडे बघताना आता मला आधी ते हमाल आठवतात.

---

कातळवेडी

हिमयात्री, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. अवांतर अजिबात नाही.

रजतकण काका, तुमचा प्रतिसाद लेकीला वाचून दाखवला. तिला वड्यांचं ताट लगेच कळलं, ईथर मात्र समजावून सांगावं लागलं.

एक राहिलंच. या चित्रांमुळे योसेमिटी वाचलं असं इथे सगळे सांगतात. १८६२ मध्ये न्यूयॉर्कच्या गूपिल गॅलरीत ती लागली, वॉशिंग्टनला पोचली, लिंकनने बघितली आणि लगेच कायद्यावर सही केली, असं. ३० जून १८६४ ला सही झाली हे पक्कं. यादवी युद्ध ऐन भरात असताना त्या माणसाने हजारो मैलांवरच्या एका दरीसाठी वेळ काढला, याचं मला नेहमी भरून येतं.

---

मोडीवाचक

ताई, सही खरी. पण लिंकनने चित्रं हातात धरून पाहिली याला कागदाचा आधार नाही. कागद सांगतो ते असं. फेब्रुवारी १८६४ मध्ये जहाज कंपनीतल्या इझ्रायल रेमंड नावाच्या गृहस्थाने कॅलिफोर्नियाचे सिनेटर जॉन कॉनेस यांना पत्र लिहिलं : ही दरी आणि मारिपोसाचं महावृक्षांचं बन खासगी मालकीत जाऊ देऊ नका. खोऱ्याची कल्पना यावी म्हणून काही चित्रंही पाठवली. ती वॉटकिन्सचीच असावीत असं अभ्यासक मानतात. कॉनेस यांनी विधेयक मांडलं, ते मंजूर झालं, आणि दरी व बन सार्वजनिक वापरासाठी कॅलिफोर्निया राज्याच्या स्वाधीन झालं.

मला ही गोष्ट लिंकनच्या गोष्टीपेक्षा मोठी वाटते. ज्या सिनेटरांनी मतं दिली त्यांतल्या बहुतेकांनी ती दरी जन्मात पाहिली नव्हती. तिकडे पोचायचं तर पनामाच्या वळशाने बोटीचा प्रवास किंवा महिनोन्‌महिने बैलगाडी. त्यांच्यासाठी दरी म्हणजे हे कागदच होते.

यलोस्टोनचंही तसंच. १८७१ च्या हेडनच्या सर्वेक्षणात विल्यम हेन्री जॅक्सन कॅमेरा घेऊन गेला. त्याची चित्रं आणि टॉमस मोरनची जलरंगातली चित्रं काँग्रेसपुढे आली, आणि १ मार्च १८७२ ला पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं.

---

वनवाट

मी जंगलांवर काम करते, म्हणून एक कडू गोष्ट सांगते. ताईंचा आनंद कमी करायची इच्छा नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

ते तीन भाऊ कोण? १८५१ मध्ये मारिपोसा बटालियन नावाची सशस्त्र तुकडी या खोऱ्यात घुसली. इथे राहणाऱ्या आवानिची लोकांना हुसकायचं होतं, कारण आसपास सोन्याच्या खाणी सुरू झाल्या होत्या. त्यांनी वस्त्या आणि साठवलेली ओकची फळं जाळली. आवानिचींचा म्होरक्या तेनाया. त्याची तीन मुलं या कड्याजवळ पकडली गेली, म्हणून बटालियनवाल्यांनी कड्याला 'थ्री ब्रदर्स' नाव दिलं. त्यांतला एक मुलगा पळायचा प्रयत्न करताना गोळी लागून मेला. बापाला पकडून आणलं तेव्हा त्याला आधी मुलाचं प्रेत दिसलं.

वॉटकिन्स तिथे पोचला तो दहाच वर्षांनी. त्याच्या चित्रांखाली बरेचदा दोन्ही नावं असतात : हाफ डोमला तसायाक, एल कॅपिटनला तुतोकानुला, थ्री ब्रदर्सला पोमपोमपासस, आणि पुढे फुटांत उंची. नावं त्यांची, चित्रात माणूस मात्र नाही. ते लोक नाहीसे झाले नव्हते. काही परत आले, खोऱ्यात मोलमजुरी करून राहिले. त्यांची शेवटची वस्ती उद्यानाने १९६९ मध्ये पाडली.

आता त्या चित्रातली कुरणं बघा. किती मोकळी आहेत! लोक त्यांना 'निर्जन निसर्ग' म्हणतात, पण ती राखलेली जमीन आहे. आवानिची दर काही वर्षांनी बारीक आग लावून गवत जाळायचे. त्याने काळा ओक टिकायचा, त्याची फळं हे त्यांचं मुख्य अन्न. पाइन आणि सीडरची रोपं आगीत जायची, मैदान उघडं राहायचं. आग थांबवली, शिवाय १८७९ मध्ये एल कॅपिटनच्या पायथ्याचा हिमोढ (हिमनदीने आणून टाकलेला दगडगोट्यांचा बांध) सुरुंगाने उडवला, तेव्हा नदीची पातळी उतरली आणि कुरणं कोरडी पडली. झाडं आत सरकली. हे आम्हाला कशावरून कळतं, तर वॉटकिन्सच्याच काचांवरून. त्याच जागी उभं राहून आज फोटो काढायचा आणि दोन्ही शेजारी ठेवायचे. इतका बारीक तपशील असल्यामुळे झाडाची जातसुद्धा ओळखता येते.

---

कातळवेडी

वनवाट, तुमचा प्रतिसाद वाचून काल रात्री झोप लागली नाही. अकरा वेळा गेले, मुलीला त्या कड्यासमोर उभी करून फोटो काढले, आणि ही नावाची गोष्ट माहीत नव्हती. तिला सांगितली. ती म्हणाली, मग त्याला पोमपोमपाससच म्हणू या. आमच्या घरात आता तेच नाव.

---

भटकंतीवाला

वॉटकिन्सला निसर्गरक्षक समजू नका, एवढंच म्हणतो. १८७१ मध्ये त्याने मालाकॉफची सोन्याची खाण टिपली आहे. पाण्याच्या तोफांनी अख्खे डोंगर धुऊन काढत होते, आणि ती चित्रंही तितकीच देखणी आहेत. माझं सगळ्यात आवडतं १८६७ चं, ओरेगनमधलं 'केप हॉर्न निअर सेलिलो' : एका बाजूला काळा कातळ, दुसरीकडे कोलंबिया नदी, मधून सरळ क्षितिजाकडे गेलेले रूळ. त्याच पट्ट्यातला सेलिलोचा धबधबा, जिथे हजारो वर्षं सामन मासे धरत होते, तो १९५७ मध्ये धरणात बुडाला.

---

आंबेमोहोर

पुढे त्याचं काय झालं? एवढ्या मेहनतीचे पैसे मिळाले का हो?

---

कातळवेडी

नाही मिळाले. १८६७ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात पदक मिळालं, सॅन फ्रान्सिस्कोत त्याने 'योसेमिटी आर्ट गॅलरी' थाटली, पण व्यवहार जमला नाही. १८७५-७६ च्या सुमाराला गॅलरी आणि निगेटिव्ह कर्जापोटी सावकाराच्या ताब्यात गेले, आणि आय. डब्ल्यू. टेबर हा दुसरा फोटोग्राफर ती चित्रं स्वतःचं नाव घालून विकू लागला. वॉटकिन्स तेव्हा पंचेचाळिशी ओलांडलेला. तो पुन्हा त्याच जागांवर गेला आणि नव्याने काचा केल्या. त्या मालिकेला त्याने 'न्यू सिरीज' नाव दिलं. पुढे नजर गेली. १८९० च्या दशकात बायको-मुलांसह तो वर्षभराहून अधिक काळ रेल्वेच्या एका डब्यात राहत होता. गाववाल्या हंटिंग्टनने शेवटी त्याला कापे खोऱ्यात एक मळा दिला.

उरलेला संग्रह स्टॅनफर्डला जायची बोलणी चालली होती. तेवढ्यात १८ एप्रिल १९०६ चा भूकंप झाला, मागोमाग आग लागली आणि स्टुडिओ जळाला. त्या दिवसाचा एक फोटो आहे : पांढरी दाढी, हातात काठी, दोघांनी धरून चालवलेला, जवळजवळ आंधळा वॉटकिन्स, मागे रस्त्यावर धूर. १९१० मध्ये त्याला नापाच्या मनोरुग्णालयात ठेवलं. १९१६ मध्ये तिथेच गेला. पुरल्याच्या जागी दगडसुद्धा नव्हता. योसेमिटीत मिरर लेकच्या वर एका डोंगराला मात्र त्याचं नाव आहे, माउंट वॉटकिन्स.

---

रजतकण

ताई, जळलेल्या काचांचं वाचून काळजात कळ आली. वडिलांचा स्टुडिओ पुरात गेला, तेव्हा निगेटिव्हची खोकी आम्ही चिखलातून उपसली होती. एकमेकींना चिकटलेल्या काचा सोडवता येत नाहीत. लोकांच्या लग्नांचे, बारशांचे चेहरे होते त्यांवर.

---

कातळवेडी

धागा वर काढते आहे. शनिवारी बाराव्यांदा जाऊन आलो.

पहाटे तीनला निघालो. वॉटकिन्सच्या चित्राची छापील प्रत बरोबर होती. नदीकाठाने जागा शोधत फिरलो. कड्यांचा कोन जुळतोय असं वाटलेल्या पहिल्या जागी समोर नुसती पाइनची भिंत. सगळ्यात खालचा भाऊ पूर्ण झाकलेला. शंभरेक पावलं वर सरकलो तेव्हा फांद्यांच्या फटीतून तिघंही दिसले. पाणी स्थिर होतं. चित्र डोळ्यांसमोर धरून लेक एक डोळा मिटून जुळवत राहिली. भेगेतलं झाड मी दुर्बिणीने शोधलं. भेग सापडली, तिच्यात झाड नव्हतं.

परतताना कुरणाच्या कडेला एक म्हातारा काळा ओक लागला, चारी बाजूंनी सीडरनी घेरलेला. खाली फळं पडली होती. लेकीने एक उचललं, बोटाने पुसून बघितलं आणि परत तिथेच ठेवलं.

वनवाट, दोन्ही फोटो शेजारी लावून तुम्हाला निरोपातून पाठवते. समोरच्या काठावरच्या झाडांच्या जाती सांगाल का?

---

वनवाट

नक्की. जमलं तर खालच्या भावाच्या डावीकडचा भागही पाठवा, तिथे पूर्वी ओक होते असं वाटतंय.